माझे कान कोण भरतंय?

विमान अगदी सरळ चाललं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. खिडकीबाहेर नुसता पांढरा ढग. वर आकाश नाही, खाली जमीन नाही. समोरच्या तबकडीतलं चिमुकलं विमान मात्र हळूहळू डावीकडे कलत होतं. कुणीतरी पंखाचं टोक धरून ते खाली ओढत असावं, असं.

"तबकडी बिघडलीय," मी म्हणाले.

मी सुकाणू तसंच धरून बसले, कारण माझं सगळं अंग मला सांगत होतं: सरळ आहेस, हलू नकोस. मग ढग फाटला आणि खिडकीभर तिरपी जमीन आली. पाठोपाठ काळोख झाला.

दार उघडलं. बाहेर आत्या चहाचा कप घेऊन उभी होती.

"मेलीस," ती शांतपणे म्हणाली. "ये, बस जरा."

माझी आत्या, डॉक्टर सुनीती कर्णिक, कानांची शास्त्रज्ञ आहे. आडनाव किती शोभतं, असं म्हटलेलं तिला मुळीच खपत नाही. तिच्या प्रयोगशाळेत ही खोटी विमानखोली (खऱ्या विमानासारखी वळणारी, कलणारी बंद पेटी) आहे. हल्ली सतराव्या वर्षीच विमानशाळेत जाता येतं, आणि मला परदेशातल्या दोन शाळांनी बोलावलं होतं. एक वाळवंटातली. तिथे वर्षभर निरभ्र आकाश, शिक्षण झटपट, लगेच तिथेच नोकरी. दुसरी उत्तरेकडच्या बेटावरची. तिच्या चित्रफितीत धुक्याशिवाय काही दिसतच नव्हतं, आणि शिक्षणाला दुप्पट वेळ. उद्या उत्तर कळवायचं होतं. मी वाळवंट ठरवूनच टाकलं होतं. त्याआधी एकदा पेटीत बस, एवढाच आत्याचा हट्ट होता.

आता मात्र मी विचारलं, "आत्या, मला जमणारच नाही का गं? माझ्यातच काही खोट आहे?" लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं मला. रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"खोट नाही, शाल्मली. तुझे कान भरले कुणीतरी."

"कुणी? आत मी एकटीच होते."

"तेच तर," आत्या म्हणाली.

तिने कप टेबलावर ठेवला. चहावर सायीचा तुकडा तरंगत होता. तिने कप हळूच फिरवला. कप फिरला, साय जागच्या जागी राहिली.

"कानात खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नलिका (वाकड्या, बारीक नळ्या) असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो आणि आतले नाजूक केस वाकतात. मेंदूला कळतं, आपण वळतोय."

ती कप एकाच वेगाने फिरवत राहिली. थोड्या वेळाने सायही कपाबरोबर फिरू लागली.

"आता द्रव नळीबरोबर फिरतोय. केस ताठ. मेंदूला निरोप जातो, सगळं स्थिर आहे. वळण फार हळू सुरू झालं, तर ते सुरू झाल्याचंही कळत नाही."

तिने कप थांबवला. साय फिरतच राहिली.

"म्हणजे वळण थांबलं," मी चाचरत म्हणाले, "की आपण उलट्या बाजूला वळतोय असं वाटेल?"

"वाटणारच. जमिनीवर डोळे कानांना खोटं पाडतात. ढगात डोळ्यांना काही दिसत नाही. मग कान सांगतील ते खरं. माझेही असेच फसवतात, सगळ्यांचेच. जा, पुन्हा बस."

मी पुन्हा आत गेले. तोच ढग. कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारी तबकडी) डावीकडे कलू लागलं. अंग म्हणालं, सरळ आहेस. मी तबकडीचं ऐकलं आणि डावा पंख उचलून विमान सरळ केलं. तेवढ्यात डोक्यात कुणीतरी म्हणालं: उजवीकडे पडतेयस, वळव, अगं वळव. तो आवाज माझाच होता आणि फार मायेचा होता. मी दात आवळले, तबकडीवरची नजर काढली नाही. ढग संपला तेव्हा धावपट्टीचे दिवे अगदी समोर होते.

"वाळवंटात ढगच नाहीत," बाहेर येऊन मी म्हणाले. "तिथे हे होणारच नाही."

"शिकताना फारसं होणार नाही," आत्या म्हणाली. "पुढे कधीतरी, मागे माणसं बसलेली असतील, त्या दिवशी पहिल्यांदा होईल."

मी फोन हातात घेतला. मग बेटावरच्या शाळेला होकार कळवला. खोली अजून फिरतेय, असं कान सांगतच होते.

"नक्की ना?" आत्याने विचारलं.

"नक्की. ढगात ह्यांचं ऐकायचं नाही." मी कानाची पाळी धरली. "कानाला खडा."

आत्या हसली. "खडे आतही आहेत. खरेखुरे, चुनखडीचे, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. वर कुठे, खाली कुठे, ते सांगतात. विमान जोरात पुढे झेपावलं की तेही फसवतात. तिकडे गेलीस की कळेलच."

मी हळूच पाळी सोडली.