खाणीपल्याडचा निशाणवाला

आधीच सांगून ठेवते, विश्वास ठेवायच्या भानगडीत पडू नका. आजवर कुणी ठेवलेला नाही. पण सतरा वर्षांची असताना मी लाल कापडाचे दोन तुकडे हातात धरून, तोंडातून एक अक्षर न काढता, अख्खी दगडखाण बंद पाडली होती. यंत्रं, ट्रक, सुरुंग, मुकादम... सगळं जागच्या जागी. आणि तेही चुकून!

हसा, हसा. त्या कोपऱ्यात तुमच्या निशाणांना काठ शिवत बसलेली उंच म्हातारी दिसतेय ना? तिला आम्ही शिडी म्हणायचो. त्या दिवशी ती माझ्या शेजारी उभी होती. काय गं शिडे, पडली होती की नाही खाण बंद?

“पडली होती,” म्हणतेय. ऐकलंत? मान वर न करता म्हणाली, म्हणजे खरंच.

ती खाण किती मोठी, ते कसं सांगू? या काठावर कुणी शिंकलं, तर ती शिंक त्या काठाला पोचेपर्यंत इकडचं पडसं बरं व्हायचं. मधे नुसता खड्डा. तळाशी माणसं मुंग्यांएवढी, आणि वर दिवसभर धूळ. पांढरी, बारीक, पिठासारखी. भांड्यांवर बसायची, अंथरुणावर बसायची, पापण्यांवर बसायची... आणि छातीत उतरायची. तिथले पुरुष तिशीत म्हातारे होत. बायकाही. माझ्या आईला खोकला लागला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. बत्तिसावं तिला लागलंच नाही. तिची थुंकीची फडकी मी धूत असे. फडकं पिळलं की पाण्याच्या तळाशी पांढरा चुरा बसायचा. यात मात्र मी पदरचं काही घातलेलं नाही.

आई गेली आणि घरात मी नि बाबा उरलो. बाबा खडी फोडायच्या यंत्रावर. त्या धडधडाटाने त्यांचे कान गेलेत, असं सगळे म्हणायचे. माझा आवाज मुळातच उंदरासारखा. त्यांना ऐकू येईना, मला बोलता येईना. सहा वर्षं आमचं घर खाणाखुणांवर चाललं. लोक मला कुजबूज म्हणायचे.

तिथल्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. दर गुरुवारी, दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत त्या मुलींचं मंडळ भरवायच्या. धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या. आत गेलं की पहिलं काम, तोंड आणि केस धुवायचे. आठवड्यातला तो एवढा वेळ आम्ही एकमेकींना खऱ्या रंगात दिसायचो. शिडीचे केस काळेभोर आहेत, हे मला तिच्याशी मैत्री झाल्यावर दोन वर्षांनी कळलं! तोवर मी तिला अकाली पिकलेली समजत होते.

मग धडा. कसला? तर ‘नाही’ म्हणायचा. नर्सबाई एकेकीला स्टुलावर उभी करून विचारायच्या, “माझी पिशवी घरापर्यंत आणून देशील?” आपण म्हणायचं, “नाही.” बस, एवढंच. “नाही, आज पाय दुखतोय” म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. “नाही हं, माफ करा” म्हटलं तरी पहिल्यापासून. एकीला हसू फुटायचं, एक रडायला लागायची. माझ्या ओठांतून नुसती हवा यायची... फुस्स. दोन महिने असं चाललं, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, “बरं. तोंड चालत नाही ना? हात चालव.” आणि त्यांनी निशाणं आणली.

दोन काठ्या, दोन लाल फडकी. छातीवर फुली धरली की ‘नाही’. दोन्ही हात सरळ वर, ‘हो’. उजवा हात आडवा ताणला की ‘थांब’. बाकीचं अक्षर अक्षर जुळवायचं. खोलीत हात पसरायला जागा पुरेना, म्हणून आम्ही खाणीच्या काठावर गेलो. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी ‘थांब’ म्हणाले. अगदी खांद्यापासून.

पल्याडच्या काठावर सुरुंगाचा निशाणवाला उभा होता. सुरुंग उडायच्या आधी लाल निशाण दाखवून रस्ता अडवायचा, हे त्याचं काम. त्याला इकडे लाल दिसलं. त्याला वाटलं, कुणीतरी खड्ड्यात अडकलंय. त्यानेही लाल दाखवलं. झालं! ट्रक थांबले, यंत्र थांबलं, वात पेटवायला बसलेला माणूस काडी टाकून पळत सुटला. अशी शांतता पसरली, की खाणीतल्या माणसांना कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःचे श्वास ऐकू आले. ते कसे वाजताहेत हे ऐकून कुणालाच बरं वाटलं नाही.

अर्ध्या तासाने तो खड्ड्याला वळसा घालून आला. डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा. डोळे तेवढे काळे.

“कोणी थांबवली खाण?”

वीस मुलींची वीस बोटं माझ्याकडे. मैत्रिणी कसल्या, वैरिणी!

“तुम्ही?”

“...”

“काय? जरा मोठ्याने.”

“चुकून,” मी म्हणाले.

“चुकून! तिकडे मुकादम माझा गळा धरायला उभा आहे. त्याला काय सांगू?”

“सांगा... एका मुलीने थांबवली.”

“विश्वास बसेल त्याचा?”

“नाही.”

“कारण न देता!” मागून नर्सबाई ओरडल्या. “मोठ्याने आणि कारण न देता! शाबास!”

तो गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. मग हसला. धुळीच्या त्या मुखवट्याला गालांवर दोन भेगा पडल्या, आणि आत... आत एक चांगलासा मुलगा होता. जायला वळला, दोन पावलं गेला, परत फिरला.

“हे हातवारे शिकायला किती दिवस लागतात?”

आठ दिवस लागले. मग रोज दुपारी, दोन सुरुंगांच्या मधल्या सुट्टीत, तो त्या काठावर आणि मी या काठावर.

‘जेवलीस?’

‘हो.’

‘काय?’

‘तुझी धूळ.’

‘आवडली?’

‘मीठ कमी होतं.’

दुसऱ्या दिवशी—

‘आज वेणी वेगळी आहे.’

‘लक्ष ट्रककडे ठेव.’

‘ट्रक वेणी घालत नाहीत.’

इतक्या लांबून वेणी कशी दिसली, असं ही चष्मेवाली विचारतेय. अगं, जीव जडला की माणसाला उडत्या घारीच्या पापण्या मोजता येतात. आणि मला तोंडाने जे कधी जमलं नाही, ते हातांना जमत होतं. मी थट्टा करत होते, रुसत होते, भांडत होते. ‘ह’ चुकीचा काढतोस म्हणून त्याला झापतही होते. शिडी शेजारी उभी राहून सगळं वाचायची आणि लाजायची. “लाजायचं काम मलाच करावं लागायचं, हिला कुठे येत होतं,” म्हणते बघा!

एक दिवस नर्सबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता निशाणं काढून घेणार. त्यांनी थोडा वेळ वाचलं आणि म्हणाल्या, “कोपर वाकतंय तुझं. प्रेमाचं असलं तरी हात सरळच हवा.”

तेवढ्यात बाबांनी माझं लग्न ठरवलं. एका ट्रकमालकाशी. दोन मुलांचा बाप, बायको धुळीने गेलेली. बाबांनी मला बोटांनी सांगितलं, पुढच्या महिन्यात. वाईट नव्हते हो बाबा. ट्रकमालकाचं घर खाणीपासून चार मैल लांब होतं. तेवढीच पोर धुळीतून सुटेल, असं त्यांच्या मनात.

घरात स्टूल नव्हतं. मी बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि म्हणाले,

“नाही!”

विश्वास ठेवू नका, पण फळीवरच्या ताटल्या खाली आल्या. शेजारचं तान्हं रडता रडता गप्प झालं. आणि तिकडे खाणीत यंत्राचा पट्टा तुटला. काय शिडे?

“तुटला होता पट्टा,” म्हणतेय.

बाबांनी एक बोट कानात घालून हलवलं.

“मला ऐकू आलं,” ते म्हणाले. “अगं... मला ऐकू आलं! एवढी वर्षं मी समजत होतो माझे कान पार गेले. तू बोलतच नव्हतीस होय गं?”

“मी नाही करणार हे लग्न.”

“का?”

“नाही.”

“अगं पण का?”

“नाही.”

अकरा दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. खुणांनीसुद्धा नाही. बाराव्या दिवशी जेवता जेवता, ताटाकडे बघत म्हणाले, “सांगून आलो त्याला. कारण विचारत होता.”

“मग?”

“मीही नाही दिलं.”

आता निशाणवाल्याने विचारायचं तेवढं राहिलं होतं. पण त्याची निशाणं मधेच थबकायला लागली. अर्धं अक्षर झालं की हात खाली. पाठ वळायची. खांदे हलायचे. इतक्या लांबून आवाज येत नव्हता... पण खोकला काय कानांनीच कळतो? आधी खांदे कसे हलतात, मग हात गुडघ्यांवर कसे टेकतात, मग माणूस फडक्यात काय आलं ते कसं चोरून बघतो, सगळं माझ्या ओळखीचं. मी विचारलं, ‘काय झालं?’ त्याने उत्तर दिलं, ‘मीठ जास्त झालं.’ त्या दिवशी मला हसू आलं नाही.

नर्सबाईंनी त्याची छाती तपासली. लांबच्या इस्पितळात पाठवायचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी तो मंडळाच्या दाराशी आला. आत आला नाही. अंगावरची धूळ मुलींच्या खोलीत नको, म्हणाला.

“बरा होशील,” मी म्हणाले.

“नर्सबाईही तेच म्हणाल्या. खिडकीकडे बघत. बरा झालो, तर परत ये म्हणून कुणीतरी सांगायला हवं ना? नाहीतर या खड्ड्यात कोण मुद्दाम येतं?”

मी तोंड उघडलं. फुस्स... नुसती हवा.

“आत्ता नको सांगूस,” तो म्हणाला. “सकाळी पल्याडच्या वळणावर ट्रक थांबवायला लावतो. तिथून विचारीन. तिथून तू चांगली बोलतेस.”

सकाळी मी काठावर. शिडी शेजारी. धूळ अजून उठली नव्हती, पलीकडचा काठ धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. ट्रक वळणावर थांबला. तो मागच्या फळीला धरून उभा राहिला, तोल सावरला आणि निशाणं उचलली.

‘परत येऊ?’

दोन हात वर करायचे, एवढंच काम. पण मुलींनो, ‘नाही’ची तालीम आम्ही कित्येक महिने केली होती. ‘हो’ची एकदाही नाही. ते शिकवावं लागतं, हे नर्सबाईंच्याही ध्यानात आलं नव्हतं. आणि ‘हो’ म्हटलं की तो येणार. तो आला की त्याचा खोकला येणार. मग फडकी, बादली, तळाशी बसणारा पांढरा चुरा... पुन्हा सगळं तेच, पुन्हा माझ्याच हातांनी. त्या दोन काठ्या अशा जड झाल्या, की खाणीतला दगड परवडला.

पण तुमची आजी काही लेचीपेची नव्हती! मी श्वास घेतला. कोपर सरळ केलं. आणि दोन्ही निशाणं वर! हो! त्याने पाहिलं, तो हसला, गालांवरच्या त्या दोन भेगा मला या काठावरून दिसल्या. सहा महिन्यांनी आला, धडधाकट, पायी, शिट्टी वाजवत. आम्ही खाणीपासून लांब घर केलं. घराला मोठ्या खिडक्या, आणि खिडक्यांना चादरी नाहीत... शिडे, सुई का थांबली गं तुझी? दोरा संपला?

“खोटं आहे हे, कुजबुजे. ताटल्या पडल्या म्हणालीस, पट्टा तुटला म्हणालीस, मी मान डोलावली. पण या पोरींना हे नको सांगूस. तीनदा विचारलं त्याने. आणि तिन्ही वेळा तू निशाणं पाठीमागे धरून उभी होतीस.”