उतरेपर्यंत

नॉर्वेतल्या बोडोहून रॉस्त बेटावर जाणारं विमान म्हणजे पंख लावलेली बसच. प्रवास पंचवीस मिनिटांचा, आणि सगळ्यांची सरबराई करायला हवाईसेविका एकटी तोरुन. टपाल, किराणा, बाळंतीण, मयत, सगळं याच विमानानं जायचं; त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फेब्रुवारीतल्या त्या लख्ख दुपारीही मागच्या मालखान्यात, संत्र्यांच्या खोक्यांशेजारी, हेर्दिसकाकूंची शवपेटी होती. त्यांचे यजमान एडविन चौथ्या रांगेत बसले होते. खिडकीकडची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती.

"कॉफी देऊ, काका?"

"दे. पण कडक दे हो. तुझी ती भांडी धुतल्या पाण्यासारखी नको."

तोरुन हसली. तेवढ्यात कप त्यांच्या हातून निसटला आणि मान छातीवर पडली. तिनं नाडी पाहिली. लागेना.

पलीकडच्या ओड्वार कोळ्याच्या मदतीनं तिनं त्यांना मधल्या वाटेत आडवं केलं. ओड्वार छाती दाबू लागला. तोरुननं झटका देणारं यंत्र काढलं, सदरा कापला, पट्ट्या चिकटवल्या. हे यंत्र आधी हृदय तपासतं, मगच झटका देऊ देतं.

"रुग्णाला कोणीतरी स्पर्श करत आहे. दूर व्हा," यंत्र शांतपणे म्हणालं.

"ओड्वार, हात काढ!"

"काढलाय की! हे बघ..."

त्याचे दोन्ही हात वर होते. तोरुननं सगळ्यांना मागच्या रांगांत पिटाळलं. यंत्र पुन्हा तेच म्हणालं. तिनं फोन उचलून कॅप्टनला एडविनचं सांगितलं आणि विचारलं, "विमानाला हादरे बसतायत का? यंत्र उगाच अडतंय."

"छे! वारा ठार पडलाय आज. अजून दहा मिनिटं लागतील. टिकव त्याला, तोरुन."

दहा मिनिटं! एडविनचे ओठ निळे पडले होते. ओड्वारनं पुन्हा दोन मिनिटं छाती दाबली, घाम पुसत बाजूला झाला, आणि पुन्हा तोच थंड आवाज आला. कोणीतरी स्पर्श करत आहे. तोरुनला रडूच कोसळलं. हाताशी उपाय होता आणि माणूस डोळ्यांदेखत चालला होता.

मग तिला तो हात दिसला. म्हाताऱ्याचं सगळं अंग सैल पडलं होतं, पण डाव्या हाताची बोटं वळलेली होती. दुसरा पंजा मावेल एवढी जागा त्यांच्यात होती, आणि बोटांची कातडी कशानं तरी दाबून पांढरी पडली होती. नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा, नव्या शवपेटीसारखा वास आला.

ओड्वारनंही पाहिलं.

"हेर्दिस... विमानाला फार भ्यायची, पोरी. चाकं उचलली की याचा हात धरायची... ते थेट उतरेपर्यंत."

तोरुनची पाचावर धारण बसली. पण एडविनना असं मरू देणं तिच्यानं होईना. तिनं आपला हात त्या रिकाम्या जागेशी नेला.

"काकू, सोडा त्यांना... जीव जातोय हो त्यांचा. भीती वाटत असेल तर माझा हात धरा. उतरेपर्यंत माझा धरा..."

म्हाताऱ्याची बोटं एकेक करून उघडली.

"झटका आवश्यक. बटण दाबा."

तिनं उजव्या हातानं बटण दाबलं; डावा आता मोकळा नव्हता. एडविनचं अंग उसळलं. थोड्या वेळानं त्यांनी घरघरत श्वास घेतला आणि ओड्वार लहान मुलासारखा रडू लागला.

रॉस्तला रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. मग सहा जणांनी शवपेटी उतरवून गाडीत ठेवली. तोरुन जिन्यावर उभी होती, डावी मूठ कोटाच्या खिशात घालून.

"काकू, उतरलो आपण," ती पुटपुटली. "सोडा आता..."

हळूहळू बोटं मोकळी झाली. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला, परतीचे प्रवासी बसवले, दार लावलं आणि आपल्या खुर्चीत पट्टा बांधून बसली.

विमान धावलं, चाकांनी जमीन सोडली आणि तिच्या डाव्या हाताची हाडं कडकडली. खाली, शवपेटीची गाडी चर्चच्या वाटेला लागलेली तिला खिडकीतून स्पष्ट दिसत होती.