सहा वेळा नापास

कीबोर्डाचं बटण उडून कपाटाखाली गेलं, म्हणून मी त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. नाहीतर आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

काउंटरमागच्या मेकॅनिकनं कीबोर्ड उलटासुलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू!

"या बिचाऱ्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"कामाचा ताण हो..." मी म्हटलं, "फ्युचर्स ट्रेडर आहे मी, वायदे बाजारातली. कंपनीच्या भांडवलावर ट्रेड करते."

झालं! बोलून बसले. खरं तर मी त्या कंपनीची नुसती चाचणी देत होते. फी भरायची, खोट्या पैशांच्या खात्यावर ट्रेड करून दाखवायचं. पास झालात तर कंपनी भांडवल देणार, नापास झालात तर पुन्हा फी. त्याच सकाळी मी तिसऱ्यांदा नापास झाले होते. पण तो असा काही बघत होता ना... खरं सांगायला जीभच रेटेना.

मग काय, कधी माउस बिघडला, कधी वायर. बिघडत नव्हतं तेव्हा मी बिघडवलं. तो कॉफी मागवायचा, कप माझ्याकडे सरकवायचा, आणि बोटांना बोटं – चुकून बरं का – लागायची. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंही नाही. एक दिवस स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता म्हणाला, "आवडतेस तू मला. कुणाच्या वशिल्याशिवाय एवढं मिळवलंस..."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं म्हणालं, आणि मला मेलीला लाजेनं वर बघवेना.

त्याच आठवड्यात सहावी चाचणी गेली, तीही नफ्यात असताना. नियमच तसा. नफा वर चढला की, ज्या आकड्याखाली खातं गेलं तर नापास, तो आकडाही मागोमाग वर चढतो, पण परत खाली उतरत नाही. मी आणखी थोडं, आणखी थोडं करत राहिले. भाव जरासा घसरला, आणि मी बाहेर.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर तो कागद वाचत बसलेला.

"दुकानातला माझा हिस्सा भावजींना विकतोय. ताईलाही पटलंय. त्याच पैशांतून तुझ्या कंपनीची फी भरतो नि चाचणी देतो, तू दिली असशील तशी. तू शिकवशील ना? चार वाजता सही आहे."

साडेतीन वाजले होते.

"सही करू नकोस."

"का? मला जमणार नाही?"

"मलाच जमलेलं नाही. सहा वेळा दिली, सहाही वेळा नापास. कंपनीनं मला छदामही दिलेला नाही. मीच देते त्यांना, दर खेपेला."

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. मी फोनवरचे सहाही निकाल त्याच्यापुढे ठेवले. त्यानं ते एकेक करून सगळे वाचले. माझे कान नुसते पेटले होते.

"मग ही चाचणी द्यावी की नाही?" त्यानं विचारलं. "आता तरी खरं सांग."

"ज्याचा हात बसलाय, ज्याला कुठे थांबायचं ते कळतं, त्यानं एकदा देऊन बघावी. हरला तर फीच जाते. पण शिकण्यासाठी, तेही दुकान विकून? मुळीच नको."

"आणि तू? सातव्यांदा?"

'छे, सोडलं मी ते,' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"द्यावीशी वाटतेय... अजूनही. काल फीचं पान उघडून बसले होते."

त्यानं फोन उचलला. "भावजी, आज येऊ नका. नाही, विकत नाही मी." फोन ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"आवडतेस म्हणालो, ते त्या ट्रेडरला म्हणालो होतो. तुला तर मी ओळखतही नाही."

"मग... जाऊ मी?"

त्यानं विक्रीचा कागद घडी करून खणात टाकला. मी दारापर्यंत पोचले.

"रागावलोय मी," मागून आवाज आला. "भयंकर रागावलोय. पण जाऊ नकोस."