परतीचे किती जण?

गाडी न नेता जायचंय ना तुम्हाला? आगगाडी, मग बस, मग पायी. चांगलंय, जा. राज्य काय, नकाशावर अंगठा ठेवला तर झाकून जाईल एवढं. दोन दिवसांत सगळं पायाखालून निघेल. पण ते मोबाइल जरा खाली ठेवा, दार लोटून घ्या, आणि माझ्या मित्राचं तिथे काय झालं ते ऐका. त्यानं स्वतः मला सांगितलंय, आणि तो सांगत असताना वहिनी शेजारी बसल्या होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. वहिनींना ओळखता ना तुम्ही? मग समजून घ्या.

हा मित्र कवळ्या बनवायचा. सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. हात असा की म्हाताऱ्यांना आपलेच दात परत आल्यासारखं वाटावं. पण स्वभाव हट्टी. मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं, ते याला रुचलं नाही. ती नवऱ्याबरोबर त्या छोट्या राज्यात राहायला गेली, आणि यानं बोलणंच टाकलं. दोन वर्षं. मग एक दिवस कळलं, मुलीला दिवस गेलेत. वहिनींनी त्या संध्याकाळी भांडी जरा जोरातच आपटली. "मी निघाले. तुम्हाला यायचं तर या."

मनातून याला उकळ्या फुटत होत्या, पण तोंड वाकडं करून म्हणाला, "तुझ्यासाठी येतो."

जावयाचा फोन आला, मी गाडी घेऊन न्यायला येतो म्हणून. झालं, याचं डोकं फिरलं. "त्याच्या गाडीतून मुलीच्या दारात उतरू? पाय धड आहेत माझे." स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी शिकायला गेला, तर दुसऱ्याच दिवशी शिकवणारा हात जोडून उतरला होता. मग ठरलं, आगगाडी आणि बस.

आगगाडीचं सोपं होतं, ती सीमेपर्यंत जाते. पुढचं घोडं बसवर अडलं. त्या राज्यातल्या बसचं मोबाइलवर काही धड सापडेना. आपल्या बसस्थानकात उपाहारगृहामागे एक गंजकी पाटी आहे, तिच्यावर तिथल्या चौकशीचा नंबर होता. यानं तो लावला. दिवसभर नुसती घंटी. अंधार पडल्यावर पुन्हा लावला, तर पहिल्याच घंटीला उचलला.

"विचारा."

आवाज वयस्कर माणसाचा. शांत. घाई नाही, वैताग नाही. कवळीवाल्यानं एक विचारावं, त्यानं चार गोष्टी सांगाव्यात. कोणत्या बसला मागचं दार नाही, कुठे ऊन कोणत्या बाजूला येतं, कुठे चहा पिऊ नये. कवळीवाला खूश. इकडे याला झोप नव्हती. मुलगी बोलेल का, आपण काय बोलायचं, याच विचारानं जीव खालीवर होत होता. रात्री उठून बॅग उघडायचा, पुन्हा भरायचा. त्या फोनवर बोललं की तेवढंच बरं वाटायचं. मग रोज दिवे लागले की फोन.

"कितीदा तेच विचारता?" वहिनी म्हणायच्या. "बस काय रोज रस्ता बदलते?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या आवाजानं सांगितलं, "दुसऱ्या बसनं मुलीच्या शहरापर्यंत जाऊ नका. त्याआधी फाटा लागतो, तिथे उतरा. तिथून लहान बस थेट मुलीच्या दारावरून जाते."

"बरं झालं. चालणं वाचेल."

"परतीचं किती जणांचं सांगू?"

"दोघांचंच की."

 पलीकडून श्वास तेवढा ऐकू आला.

"बरं," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

जानेवारीतली तेवीस तारीख, शनिवार. दिवसभर सगळं त्या माणसानं सांगितलं तस्संच झालं. आगगाडी वेळेवर. पहिली बस वेळेवर. ऊन डावीकडे म्हणाला होता, डावीकडेच. कवळीवाला वहिनींकडे असा बघत होता, जसं हे राज्य यानंच वसवलंय. मग दुसरी बस, आणि रात्री आठच्या सुमारास फाटा आला. हा उठला.

कंडक्टर म्हणाला, "इथे कुठे? शहर पुढे आहे."

"इथून लहान बस आहे."

"लहान बस?" कंडक्टरनं ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "काका, बसा गुपचूप."

गुपचूप बसा म्हटल्यावर हा कसला बसतो. उतरला. मागून वहिनी, बडबडत. बस गेली. तिचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला, आणि मग दोघांना कळलं की इथे दुसरा दिवा नाहीच.

एक जुनं स्थानक होतं. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची बाकं. भिंतीत चौकशीची खिडकी, बंद, एका कोपऱ्यात काच फुटलेली. बाजूला दार, त्याला बाहेरून कडी नाही. रस्त्यावर एक वाहन नाही. वारा नाही.

"विचारा आता तुमच्या त्या माणसाला," वहिनी म्हणाल्या.

यानं फोन लावला.

खिडकीच्या आत घंटी वाजली.

"अगं, इथेच बसतो की तो!" याला हायसं वाटलं. काचेवर टकटक केलं. "अहो, साहेब!" घंटी वाजतच होती. यानं फुटक्या काचेतून मोबाइलचा उजेड आत टाकला. टेबल. खुर्ची. सगळ्यावर बोटभर धूळ. टेबलावर जुना काळा फोन. त्याची वायर टेबलावरून खाली आली होती, आणि जमिनीवर तिचं टोक पडलं होतं. कुरतडलेलं. कशालाच जोडलेलं नाही.

घंटी थांबली. आतला रिसीव्हर जागेवरच होता.

यानं मोबाइल पुन्हा कानाला लावला, तर आवाज आला. "विचारा."

"मी... आम्ही फाट्यावर उतरलोय. ती लहान बस..."

"दिसताय मला."

...

"जरा हा धरा," आवाज म्हणाला. "माझा हात फार भरून आलाय."

फोन कटला. आत पुन्हा घंटी सुरू झाली. मोठ्यानं. वहिनी म्हणाल्या, "चला इथून." हा म्हणाला, "हो." आणि यानं हात आत घातला. का घातला, ते त्याला आजही सांगता येत नाही. वाजत्या घंटीकडे हात गेला, एवढंच. काचेत खांदा अडेपर्यंत गेला. यानं रिसीव्हर उचलला, ओढून कानाला लावला.

पलीकडे कोणी बाई होती. "हॅलो, चौकशी का? आम्हाला तिकडे यायचंय. गाडी नाहीये आमच्याकडे..."

"विचारा," कवळीवाला म्हणाला.

आणि त्याला सगळं ठाऊक होतं. कधी न पाहिलेले रस्ते, थांबे, कोणती बस कुठे मिळते, सगळं. तो सांगत गेला. इतके दिवस जिवाला लागलेली ती तगमग... गेली. मुलगी, जावई, बॅग, काही आठवेना. इतकं शांत त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

वहिनी शर्ट ओढत होत्या. "अहो, कोणाशी बोलताय? सोडा ते!"

त्याला दूरवर ऐकू येत होतं. दुसऱ्या कोणाला तरी हाका मारताहेत, तसं.

"किती जण?" त्यानं बाईला विचारलं.

"तिघं."

"परतीचं किती जणांचं सांगू?"

हे त्याच्या तोंडून आलं. त्याच शांत आवाजात. तेव्हा तो भानावर आला. सोडायचं म्हणाला, तर बोटं उघडेनात. कान सुटेना.

आत खुर्ची करकरली.

कोणीतरी उठलं.

पावलं. हळू... खूप दिवस बसून पाय आखडलेल्या माणसाची. खिडकीशी नाही आली. दाराकडे गेली. आतून कडी सरकू लागली. वहिनींनी ती ऐकली. त्या दारापासून हातभर अंतरावर होत्या. 

कडी अर्धी सरकली...

तेवढ्यात वळणावरून उजेड आला. गाडी करकचून थांबली. "बाबा!" कोणीतरी ओरडलं.

या माणसाला बाबा म्हणणारं जगात एकच, त्याची मुलगी, आणि तिनं दोन वर्षांत म्हटलं नव्हतं. हा आवाज पुरुषाचा होता. जावयाला यानं कधी बाबा म्हणायची संधीच दिली नव्हती. त्या शब्दानं हा वळला. हात सुटला. रिसीव्हर आत पडला.

कडी थांबली. पावलं परत गेली. खुर्ची पुन्हा करकरली... बसल्यासारखी.

वहिनींनी आगगाडीतूनच जावयाला गुपचूप कळवलं होतं, कोणत्या बसनं येतोय ते. तो शहराच्या स्थानकावर उभा होता. कंडक्टरनं सांगितलं, दोघं फाट्यावर उतरले, आणि पोरानं गाडी पिटाळली. कवळीवाला त्या गाडीत पुढच्या सीटवर बसला आणि जावयाचा हात घर येईपर्यंत सोडला नाही. गियर बदलायची पंचाईत झाली त्या पोराची, पण त्यानं हात तसाच राहू दिला. दारात मुलगी उभी होती. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडायलाच लागला. इतकी सगळी भाषणं तयार केली होती, एक आठवलं नाही.

सकाळी जावयानं सांगितलं. नवा रस्ता झाला तेव्हा ते स्थानक बंद पडलं. चौकशीला एक म्हातारा होता, एकटा. बदलीचा माणूस येईल मग जा, असं त्याला वरून सांगितलं होतं. बदलीचा माणूस पाठवायचा राहूनच गेला. म्हातारा सापडला तो खुर्चीत. कानाला फोन लावलेला.

परत येताना दोघं जावयाच्या गाडीतून थेट घरापर्यंत आले. नातू झाला, बारसं झालं, आता येणंजाणं आहे. सगळं छान आहे. फक्त कवळीवाला अंधार पडला की कानटोपी घालतो, भर उन्हाळ्यातसुद्धा. मी एकदा चेष्टा केली, तर वहिनींनीच उठून ती काढली. मला म्हणाल्या, "बघा."

उजव्या कानापासून गालावर गोल ठसा आहे. आत बारीक बारीक टिपके, रिसीव्हरच्या भोकांचे. डॉक्टर झाले, मलमं झाली. दिवसा तो नसतो, मी पाहिलंय. कातडी स्वच्छ. दिवे लागले की उमटायला लागतो. मी बघत होतो तेव्हा लाल होता, ओलसर... कोणीतरी बराच वेळ दाबून धरून आत्ताच उचलावं, तसा.