बसंतीबाईचं हूं

शुभदाबाई, सांगते. पण एक करा, मी बोलत असताना मधेमधे ‘हूं’ म्हणू नका. मान हलवा, पदरानं वारा घ्या, काहीही करा. हूं तेवढं नको.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आपल्या शाळेला सुट्टी लागली आणि मी दारव्ह्याहून बोरी अरबला घरी गेले. वडील तिथं पोस्टमास्तर आहेत. एका सकाळी मी ओट्यावर लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसले होते, तेवढ्यात भावसिंग आला. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावर त्याची शेती आहे, वयानं माझ्याएवढाच. त्याची आई बसंतीबाई दर बाजाराला आमच्याकडं तूप घेऊन यायची. दोन वर्षांपूर्वी थंडीत वारली बिचारी. मी तेव्हा नागपुरात होते.

भावसिंग ओट्यावर चढला नाही. खालीच उभा राहिला.

“रजनीबाई, ते तुमचं गडाचं पुस्तक हाय का अजून?”

“कोणतं रे?”

“मायले वाचून दाखवत होत्या ते. अर्धंच राह्यलं.”

मला असा काही राग आला म्हणून सांगू! सकाळी सकाळी दारात येऊन माझी जुनी चूक माझ्या पदरात टाकायला याला कोणी सांगितलं होतं?

ते पुस्तक म्हणजे एक पुस्तक नाही. ‘भुयारगड माला’, चौदा भाग. लेखकाचं नाव घेत नाही, चीड येते. दर तीन महिन्यांनी नवा भाग टपालानं यायचा, आणि वडिलांनी शिक्का मारायच्या आत मी पाकीट फोडायची. गडावर एकटी राहणारी अंबिका, तिची मशाल, तिचे ते भुयारी रस्ते. मी चार वर्षं घरात कमी आणि गडावर जास्त राहिले. आई म्हणायची, कार्टी जेवताना वरणात पानं बुडवते.

एका बाजारी बसंतीबाई ओट्यावर टेकली आणि म्हणाली, “काय वाचून राह्यली वं पोरी? मोठ्यानं वाच ना.” तिला अक्षरओळख नव्हती. मी वाचलं. तेव्हापासून ती दर बाजाराला दोन तास बसायची आणि प्रत्येक वाक्याला हूं म्हणायची. घशातून, खर्जात. भीतीचं हूं वेगळं, दुःखाचं वेगळं. मी एकदा हसले, तर म्हणाली, “हासू नोको. आमच्यात कहाणी सांगणाऱ्याले हूं देणारा लागते. हूं बंद झालं त सांगणाऱ्यानं थांबाचं. अन् सांगणारा अर्ध्यातून उठून गेला, त हूं देणारा तिथंच बसून राह्यते.” तिचा आणखी एक नियम होता. शेवटचं पान आधी पाहायचं नाही. कहाणीची बेइज्जती होते म्हणे.

असे तेरा भाग झाले. तेराव्याच्या शेवटी अंबिका पायविहिरीत उतरते, मशाल विझते, आणि खालून कोणीतरी तिला नावानं हाक मारतं. पुढील भागी समाप्त! बसंतीबाईनं कपाळावर हात मारला. “पुढं?” म्हणाली. मी म्हटलं, तीन महिन्यांनी.

तीन महिन्यांनी मी नागपुरात कॉलेजात होते. छप्पन साल. तिथं प्राध्यापक असली पुस्तकं चिमटीत धरून हसायचे, मग मीही हसायला लागले. वडिलांना लिहिलं की चौदावा भाग मागवू नका. पहिल्या सुट्टीत बसंतीबाईनं विचारलं, दुसऱ्या सुट्टीत विचारलं. तिसऱ्या वेळी मी तिच्यावर वसकन ओरडले, “काय ते पोरकट घेऊन बसलीस! मी नाही वाचत आता.” त्यानंतर तिनं विचारलं नाही. तूप देऊन उभ्याउभ्या जायची.

तर त्या सकाळी मी भावसिंगला म्हटलं, “आता त्याचं काय?”

तो खाली बघत म्हणाला, “माय घरात हूं म्हणते.”

“काय?”

“भर दुपारी. कोणी बोलत नसलं तरी. एक हूं येते, मंग थांबते... कोणी पुढं सांगन म्हणून. मंग अजून एक. लाली लेकराले घेऊन होळीच्या आंधी माहेरी गेली. म्हणते, हूं बंद होईन तवाच येईन. माह्यं लेकरू आता बसायले लागलं असन, मी पाह्यलं नाही.”

मी तडकलेच. “अरे, शिकलेल्या बाईसमोर हे काय बोलतोस? कबुतर असेल आढ्यावर!”

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “कबुतर असतं त मी तुमच्याकडं कायले आलो असतो? कबुतराले पुस्तक लागत नाही, बाई. तुम्ही अर्ध्यात टाकलं. तुम्हीच पुरं करा. मले माह्यी माणसं परत पाह्यजे.”

मी हातातली कैरी टोपलीत आदळली आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं दारव्ह्याला गेले. तिथल्या एका जुन्या वाचनालयात मला चौदावा भाग मिळाला. तिथले दीनानाथराव चष्मा वर करून म्हणाले, “तुम्ही बी.ए. ना? हे वाचता?” मी म्हटलं, “हो, वाचते, आणि द्या लवकर.” परतीच्या मोटारीत पहिलं पान उघडलं. ‘अंबिकेने श्वास रोखला.’ एवढंच वाक्य, आणि माझे डोळे भरून आले हो. किती मूर्ख होते मी! चार बुकं शिकले आणि ज्या घरात वाढले त्या घराला कुलूप लावून बसले. मग पुस्तक मिटलं. पुढचं तिच्यासमोरच वाचायचं ठरवलं, आणि शेवटचं पान पाहिलं नाही.

तांड्यावर पोचले तेव्हा दुपारचे साडेबारा. ऊन असं की कुत्रीसुद्धा दिसेनात. भावसिंग बाहेर निंबाखाली बसला. “मी आत येत नाही,” म्हणाला. “दार लोटून घ्या. उघड्या दारात माय हूं देत नाही.”

मी आत गेले आणि दार लोटलं. बाहेरच्या उजेडातून आल्यावर काळोख डोळ्यांवर ओला कपडा टाकावा तसा पडला. छपराच्या कवेलूंच्या फटीतून एकच कवडसा येत होता, त्यात मी पुस्तक धरलं. घरात आवाज नाही. माशीसुद्धा नाही. फक्त वास... लोणी कढवल्याचा. ताजा, गरम. चूल मात्र गार होती. मी हात लावून पाहिली, राख घट्ट बसली होती.

मनात म्हटलं, रजनी, तू वेडी आहेस, आणि वाचायला लागले. पहिलं पान वाचलं. काही नाही. दुसरं पान निम्मं झालं. अंबिका काळोखात भिंत चाचपते...

“हूं.”

माझ्या डाव्या हाताला. जमिनीलगत. बसलेल्या माणसाच्या उंचीवर.

मी ओरडले, “कोण आहे तिथं? भावसिंग, थट्टा करतोस?” बाहेरून तो खोकला, लांबून, निंबाखालून. मी परत तेच वाक्य वाचलं.

“हूं...”

तेच, भीतीचं. तिचंच. आणि खोटं कशाला बोलू, माझी जीभ सुटली. पाच वर्षांत मी असं वाचलं नव्हतं. अंबिका एकेक पायरी उतरत होती आणि प्रत्येक पायरीला शेजारून हूं येत होतं. घाम हनुवटीवरून पानांवर पडत होता. पहिल्या हाकेचं उत्तर अंबिका देत नाही. दुसरीचंही देत नाही. तिसरी हाक येते, ती वाकून खाली पाहते, आणि तिला दिसतं...

पान उलटलं. पुढं पुठ्ठा.

शेवटची चार पानं फाडलेली! कडेला चिंध्या लोंबत होत्या. असा संताप आला मला! कोण नालायक माणसं असतात ही? वाचून झालं की पुढच्याचं वाटोळं करायचं! त्या काळ्या घरात, मेलेल्या बाईच्या शेजारी बसून, मी त्या फाडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“हूं,” शेजारून आलं. वाट पाहणारं.

मग मी मनानं रचायला लागले. काय करणार? म्हटलं, “तिला खाली पाणी दिसलं. नुसतं पाणी. आवाज तिच्याच हाकेचा प्रतिध्वनी होता. ती वर आली आणि सुखानं राहिली.”

हूं आलं नाही.

मग हळूच आलं, “कोनी...”

मला वाटलं, विचारते आहे, खाली कोणी होतं का? मी घाईनं म्हटलं, “कोणी नव्हतं, बसंतीबाई. खाली कोणीच नव्हतं.”

“कोनी,” जवळून. आवाज चढलेला.

तेव्हा आठवलं. तिच्या बोलीत कोनी म्हणजे नाही. तुपाचा भाव पाडला की म्हणायची, कोनी कोनी. एवढा एकच शब्द मला तिच्या भाषेतला येत होता, शुभदाबाई! माझी भाषा ती शिकली, माझी पुस्तकं समजावीत म्हणून अडलेले शब्द पुन्हा पुन्हा विचारले. आणि मी पंधरा वर्षं शेजारी राहून तिच्याकडून एक शब्द उचलला, तोही भाव करताना.

पण मी चिडले होते, भ्याले होते. म्हणाले, “खोटं वाटतं? मग तूच सांग!”

आणि ती सांगायला लागली.

सावकाश, तिच्या बोलीत. मला कळेना. दोन वाक्यं झाली आणि आवाज थांबला. आणि त्या शांततेत काहीतरी सरकलं, माझ्या गुडघ्याजवळ. मला सुचलं नाही, तोंडातून निघून गेलं, “हूं.” आवाज पुढं सुरू झाला. पुन्हा थांबली, मी पुन्हा हूं म्हटलं. थांबायची हिंमत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे, कवडसा भिंतीवर चढला. मग त्या बोलीत एक शब्द ओळखीचा आला. रजनी. पुढच्या वाक्यात पुन्हा. मग प्रत्येक वाक्यात. अंबिकेचं नाव कधीच बंद झालं होतं. शेवटी तिनं काहीतरी विचारलं. विचारलंच, आवाज तसा वर गेला, आणि ती थांबली. मी म्हटलं, हूं. तिनं तेच पुन्हा विचारलं. हूं. तिसऱ्यांदा विचारलं, अगदी कानाशी, मायेनं.

“हूं,” मी म्हटलं.

मोठा श्वास सुटल्यासारखं झालं आणि लोण्याचा वास गेला.

मी दार ढकलून बाहेर आले. भावसिंग निंबाखालून उठून भिंतीशी येऊन उभा होता, चेहरा पांढरा. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“आटपलं, बाई,” म्हणाला. “आता माय येत नाही.”

“मला काय विचारलं तिनं?”

मी त्याचा दंड धरला. “भावसिंग, तीनदा काय विचारलं?”

“तुम्हाले समजत नव्हतं,” तो जवळजवळ रडत म्हणाला, “त काहून हूं म्हटलं, बाई? काहून म्हटलं?”

पुढं एक अक्षर नाही. चार दिवसांत लाली लेकराला घेऊन घरी आली. घर शांत आहे, तिनंच सांगितलं. मी तीनदा तांड्यावर गेले. म्हातारे उठून उभे राहतात, बाया पाणी देतात, सगळे आदरानं वागतात, पण सांगत कोणी नाही. सगळ्या तांड्याला ठाऊक आहे आणि मला नाही! माझ्याबद्दलचं, माझ्याच तोंडून कबूल करून घेतलेलं! हा कुठला न्याय? तुम्ही सांगा.

तिसऱ्या वेळी लाली दारात बसून कांचळी, म्हणजे त्यांच्या बायकांची चोळी, शिवत होती, लाल, भिंगांची. मी म्हटलं, छान आहे गं, कोणाची? ती म्हणाली, “तुमची. पोळ्याच्या आंधी पुरी कराची हाय.” मी म्हटलं, अगं मी कुठं कांचळी घालते? आणि माझं माप कोणी घेतलं?

तिनं बाही उचलून माझ्या हाताला लावली. बरोबर मनगटापर्यंत आली.

“मायनं सांगतलं. माय गेली तवा तिलेबी अशीच नवी घालून धाडलं,” म्हणाली, आणि डोळे पुसले.

काल वडिलांचं पत्र आलं. खाली एक ओळ आहे, भावसिंगनं लिहायला लावलेली. ‘बाईले सांगा, तयार झाली.’ पोळा सोमवारी आहे, शुभदाबाई.