गारगोटीतला बुडबुडा

"ताई, दगड तडतडतोय!" ढब्बू कुजबुजला.

टिटवीने दाराला कान लावला. सुट्टीत मावशीच्या प्रयोगशाळेत आलेली ही टोळी दोघा भावंडांचीच, पण उचापती मात्र दहाजणांच्या! आत मावशीचे वरिष्ठ, साहेब, गारगोटीच्या पातळ चकत्या मेणाने काचेवर चिकटवत होते. मेण लवकर वितळावं म्हणून त्यांनी विजेची शेगडी पार मोठी केली होती, आणि चकत्यांतून लाह्या फुटाव्यात तसा आवाज येत होता.

टिटवीला हसू आलं नाही. मावशी सकाळपासून खिडकीशी गप्प बसून होती.

ही गारगोटी पेग्मटाइट नावाच्या खडकातली. ती वाढताना तिथलं पाणी तिच्या इवल्या पोकळ्यांत अडकलं, निवताना आकसलं आणि आत बुडबुडा तयार झाला. चकती हळूहळू तापवायची. बुडबुडा नाहीसा झाला, की गारगोटी निदान तेवढ्या उष्णतेत घडली असं समजायचं. हा खडक वाटतो त्यापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेत घडला, असं मावशीचं म्हणणं. साहेबांना ते पटेना. त्यांनी काल स्वतः अशाच चकत्या केल्या, आणि त्या चकत्यांच्या मोजमापाने मावशीला साफ खोटं पाडलं! आज संध्याकाळी तिचं इतक्या वर्षांचं काम बंद होणार होतं.

"मावशी, चकती आधीच खूप तापली तर?" टिटवीने विचारलं.

"तर पोकळी ताणली जाते, बुडबुडा वाढतो. मग तो नाहीसा व्हायला जास्त उष्णता लागते. पण मेण मंद आचेवरच लावतात गं."

"साहेबांची शेगडी बघ जाऊन!"

मावशी ताडकन उठली. "नुसतं सांगून ते ऐकायचे नाहीत."

"मग त्यांनाच मोजू दे ना!"

साहेबांनी काल गारगोटीचा जो स्फटिक अर्धा करून वापरला होता, त्याच्याच उरलेल्या अर्ध्या भागाची चकती मावशीने कापली आणि साध्या, गार गोंदाने चिकटवली. गोंद वाळल्यावर टिटवीने ती आणि कालची एक चकती साहेबांपुढे ठेवली.

"साहेब, या दोन्ही एकाच दगडातल्या आहेत का? आम्हाला ओळखता येईना!"

साहेब खूश होऊन सूक्ष्मदर्शकाशी बसले आणि एकेक चकती हळूहळू तापवू लागले. पहिल्या चकतीतला बुडबुडा कमी उष्णतेतच गेला. दुसरीतला कितीतरी तापवली तरी जाईचना.

"छे! एकाच दगडातल्या कशा असतील? शेंबड्या पोरालाही कळेल!"

"आम्हाला नाही कळलं," म्हणत ढब्बूने त्या चकत्या ज्यांतून कापल्या, ते स्फटिकाचे दोन्ही अर्धे तुकडे जोडून दाखवले. ते अगदी चपखल बसले!

"दुसरी चकती तुमची आहे, साहेब," टिटवी हळूच म्हणाली. "मोठ्या शेगडीवरची."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"घाई नडली," ते मावशीला म्हणाले. "चूक माझी, आणि शिक्षा तुम्हाला होणार होती. तुमचं काम चालू राहील. पोरांनो, माझे डोळे उघडलेत. शाबास!"

मावशीने दोघांना घट्ट जवळ घेतलं. तिची नजर टेबलावरच्या वाया गेलेल्या चकत्यांवर होती. माणूस जन्मायच्याही आधीपासून जपलेलं पाणी एका दुपारीत नासलं होतं, आणि ते कुणालाच परत आणता येणार नव्हतं. टिटवीला त्याचं फार वाईट वाटलं.

साहेबांनी स्फटिकाचा शिल्लक तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि मावशीच्या हाती दिला.

"हा तुम्हीच कापा," ते म्हणाले. "मी बघून शिकतो."