हिरवी बाटली, जांभळी बाटली

माझ्या गोष्टी निम्म्या खोट्या असतात, हे सगळ्या सरस्वतीपुरमला ठाऊक आहे. ही मात्र खरी.

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी अटेंडर होतो. एके दिवशी एम.एस्सी.ची वर्षिणी धावत आली, तिची ओढणी अडकली, आणि समोरच्या टेबलावरच्या प्रणेशचं हिरवं द्रावण त्याच्याच पांढऱ्या कोटावर!

"अय्यो! डाग जाईल ना?"

"नाही गेला तरी चालेल..."

मग काय — रोज टेबलापलीकडून कुजबुज.

प्रणेश समजावायचा, "कोबाल्ट तोच, बाकी सगळं तेच. दोन क्लोरीन समोरासमोर बसले की हिरवा, शेजारी बसले की जांभळा."

"नुसती जागा बदलली म्हणून?"

"नुसती जागा."

तिनं दोघांच्या मधल्या टेबलाकडे पाहिलं. "म्हणजे आपण दोघं हिरवेच की!"

प्रणेशचे कान लाल.

शेवटच्या दिवशी तिनं हिरव्या भुकटीची बाटली त्याच्यापुढे ठेवली. "संध्याकाळी पुण्याला चालले, नोकरीला. हिची जांभळी करून माझ्या जागेवर ठेव. जांभळी दिसली तर परत येईन, तुझ्या शेजारी. हिरवी दिसली तर... विचारणार नाही."

दुपारभर तो ती भुकटी पाण्यात विरघळवून वाफेवर आटवत बसला. कडेनं जांभळा रंग चढला, तसा हसला. बाटली तिच्या जागेवर ठेवली, आणि समोर थांबायचा धीर न होऊन जिन्यात जाऊन उभा राहिला.

मला खोडी सुचली. जांभळी खिशात टाकली, कपाटातली हिरवी ठेवली. म्हटलं, पोरगी जरा रुसेल, मग काढून दाखवू. तेवढ्यात स्टोअरमधला नळ फुटला, सरांनी हाक मारली...

परतलो तर टेबल रिकामं, हिरवी बाटली गेलेली. मागचं दार उघडं — ती तिकडूनच येऊन गेली होती.

"नाही आली, काका," प्रणेश पायरीवर बसून म्हणाला. तो चेहरा पाहून मी जांभळी बाटली खिशात आणखी खोल दडपली. फोन दोघांकडे होते. विचारलं कुणीच नाही. वर्षभरानं वर्षिणीच्या लग्नाची पत्रिका आली.

आता प्रणेश त्याच कॉलेजात शिकवतो. संध्याकाळी माझ्याकडे कॉफीला येतो. पोरं जमली की मी सांगतो — तिनं जांभळी बाटली उचलली, हसली, अन् त्याच्या शेजारी येऊन बसली.

"थापा मारता, अंबाजीकाका," प्रणेश म्हणतो. मग हळूच — "तो शेवट परत सांगा ना."

मी खिशावर हात ठेवतो. बाटली तिथंच आहे. आणि परत सांगतो.